तोच चेंबर परत परत का उसळतो? आधी घड्याळ बघा, मग गाडी बोलवा

किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात भुयारी गटाराच्या लाइनवर देखभालीचं काम करतो. गावाचं नाव मुद्दाम देत नाहीये, नोकरी अजून करायची आहे. पण तक्रार सगळीकडे सारखीच असते, "अहो परवाच गटार साफ करायची गाडी येऊन गेली आणि आज परत तोच चेंबर वर आलाय, पाणंदीत घाण वाहतेय". मग परत गाडी, परत जेटिंग (जोराच्या दाबाने पाणी मारून पाइप धुणं), दोन दिवस बरं, परत तेच. पालिकेला वाटतं लोक कचरा टाकतात, लोकांना वाटतं पालिका काम करत नाही, आणि पाइपात नक्की काय झालंय ते कोणी बघितलेलंच नसतं.

माझं म्हणणं एकच, गाडी बोलवायच्या आधी वेळ लिहा. चेंबर किती वाजता उसळायला लागला, किती वाजता उतरला, तेव्हा पाऊस होता का, लाइट होती का, तिथी काय होती. एवढं एका वहीत आठ-पंधरा दिवस लिहिलं (समोरच्या दुकानदाराला सांगा, तो तसाही दिवसभर तिथेच बसलेला असतो) की निम्मं निदान घरबसल्या होतं. कारण भरतीचं टायमिंग वेगळं, पावसाचं वेगळं, तेलातुपाचं वेगळं आणि पंपाचं वेगळं. आणि हो, जिथे वर येतं तिथे बिघाड असेलच असं नाही, बरेचदा नसतोच. तुंबलेलं पाणी त्या लाइनवरचं सगळ्यात खालचं झाकण शोधतं आणि तिथून बाहेर पडतं, म्हणून दरवेळी त्याच बिचाऱ्यांच्या दारात घाण येते आणि त्यांनाच बोलणी बसतात.

पुढे जायच्या आधी एक गोष्ट, हिच्यावर चर्चा नको. चेंबरमध्ये कोणी उतरायचं नाही. "दोन मिनिटांचं काम आहे", "काठी अडकलीय तेवढी काढतो", "दोर बांधून सोडा मला", काहीही असो. आत हायड्रोजन सल्फाइड असतो, कुजक्या अंड्याचा वास येतो त्याला, म्हणून माणसाला वाटतं वास आला की बाहेर येऊ. पण गॅस वाढला की नाकाला वास कळायचाच बंद होतो आणि माणूस तिथल्या तिथे कोसळतो, मग त्याला काढायला उतरलेला दुसराही. काडी पेटवून किंवा कंदील सोडून बघायची जुनी खोड तर त्याहून वाईट, मिथेन असला तर भडका उडतो. असं कोणाला उतरवणं हा हाताने मैला साफ करून घ्यायला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने गटारात मृत्यू झाला तर द्यायची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केलीय. सेप्टिक टाकीलाही हेच लागू. झाकण उघडा, थोडा वेळ बाजूला उभे राहा, मग वरून टॉर्च मारून बघा, बस्स.

आता तपासणी. उसळणाऱ्या चेंबरपासून उताराच्या दिशेने एकेक झाकण उघडत जा. भरलेला, भरलेला, भरलेला, आणि मग एकदम मोकळा, तळाशी थोडंसं वाहतंय असा. शेवटचा भरलेला आणि पहिला मोकळा यांच्या मधल्या पाइपात अडकलंय, दुसरीकडे कुठे नाही. जेटिंग खालच्या मोकळ्या चेंबरमधून वरच्या दिशेला करायचं, नोझलचे फवारे मागे मारतात म्हणून घाण खाली येते आणि ती तिथेच सक्शनने उचलायची. बरेच ठेकेदार वरूनच प्रेशर मारून मोकळे होतात, पाणी खाड्कन उतरतं, फोटो निघतो, बिल लागतं, आणि गोळा पुढे जाऊन बसतो. मग आठ दिवसांनी पुढच्या आळीतून तक्रार येते आणि ती नवी तक्रार म्हणून नोंदली जाते. म्हणून गाडी आली की एक माणूस खालच्या चेंबरवर उभा करा आणि काय बाहेर आलं ते वहीत लिहून ठेवा, चरबी की कपडा की मुळं की वाळू. निघालं काय हे न लिहिता केलेली सफाई पुढच्या वेळेला काही शिकवत नाही. आणि खाली पार शेवटापर्यंत सगळेच चेंबर भरलेले असतील तर अडथळा पाइपात नाहीच, शेवटाला आहे, मैला उपसणाऱ्या पंपात नाहीतर लाइनच्या समुद्राकडच्या तोंडाला, तिथे जेटिंगचे पैसे वाया.

आता वही उघडा. समजा सोमवारी दुपारी बाराला वर आलं, मंगळवारी पाऊणला, बुधवारी दीड-पावणेदोनला, असं रोज पाऊण तासाने वेळ पुढे सरकतेय, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास जोर आणि अष्टमीच्या सुमाराला काहीच नाही, तर ही भरती आहे. कोळी-गाबितांना हे मी काय सांगणार, तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, चौथीला तीनच्या सुमारास, तसं. उधाणाला (मोठ्या भरतीला) चेंबर उसळतो आणि भांगाला (अष्टमीच्या लहान भरतीला) गप्प असतो एवढं जरी लक्षात आलं तरी पुरे. जुन्या लाइनींचं तोंड खाडीत नाहीतर पुळणीवर सोडलेलं असतं (सोडावं का हा वेगळा विषय, त्यावर कधीतरी भांडू) आणि तिथे एक झडप असते, निदान असायला हवी. ती बाहेरच्या बाजूला उघडते, समुद्र चढला की त्याच्याच दाबाने बंद होते. पण तिच्या फटीत करवंटी, जाळ्याचा तुकडा, थर्माकोल काहीही अडकलं किंवा कडेला कालवं धरली, बिजागरी गंजली, की ती अर्धवट उघडी राहते आणि समुद्र सरळ लाइनीत शिरतो. खात्री करायची असेल तर चेंबरमधलं थोडं पाणी बादलीने काढून त्यात टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घाला. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, थोडंसं जरी मिसळलेलं असलं तरी आकडा हजारांत उडतो. हातमोजे घाला आणि तो मीटर परत घरच्या पाण्याला लावू नका, एवढं सांगायला लागू नये पण सांगतो.

उपाय स्वस्त आहे, सुकतीला (ओहोटीला) जाऊन झडप साफ करायची, प्रत्येक अमावास्या आणि पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, आणि बिजागरी बघायची. फक्त हेही समजून घ्या की झडप एकदम ठणठणीत असली तरी भरती आहे तोवर आतला मैलाही बाहेर जात नाही, तो आतच साठतो. साठायला पाइपात जागा असली तर प्रश्न नाही. त्याच वेळेला धो धो पाऊस लाइनीत शिरला तर मात्र कोणाचा बाप आला तरी तो चेंबर थांबत नाही.

आणि पाऊस हाच आपल्याकडचा खरा चोर आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. हवामान खातं दिवसाला ६४.५ मिलिमीटरच्या पुढे 'जोरदार' म्हणतं आणि २०४.४ च्या पुढे 'अत्यंत जोरदार', आपल्याकडे जुलैत ६४ चं कोणाला कौतुक पण नसतं. आता हिशोब करा. शंभर चौरस मीटरचं छप्पर, दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे त्या एका छपरावरून १०,००० लिटर पाणी. पाच माणसांच्या घराला माणशी १३५ लिटरने दिवसाला ६७५ लिटर पाणी लागतं, त्यातलं ऐंशी टक्के गटारात जातं असं धरतात, म्हणजे साधारण ५४० लिटर. एका छपराची पन्हळ मैल्याच्या चेंबरला जोडली की अठरा-एकोणीस घरांचा मैला एकदम वाढवल्यासारखं झालं. आळीत अशी तीनच घरं असली तरी लाइनचं कंबरडं मोडतं. आणि जोडणारा माणूस काही वाईट नसतो, प्लंबरला जवळचा पाइप दिसला, त्याने जोडला, संपला विषय.

दुसरा प्रकार म्हणजे खळ्यात (अंगणात) पाणी साचलं की पहार घेऊन झाकणच उचलायचं. हे संवाद दर पावसाळ्यात होतात:

"काका, झाकण लावा हो, ही मैल्याची लाइन आहे."
"मग हे पाणी काय माजघरात घेऊ?"

काकांना काय उत्तर देणार, कारण त्यांच्या घरासमोरचं उघडं गटार रस्ता रुंद करताना बुजलंय आणि पाण्याला जायला दुसरी वाटच ठेवलेली नाही. म्हणून मी हे सगळ्यांना सांगतो आणि सगळे मला वेड्यात काढतात, की मैल्याची लाइन पावसात उसळायची थांबवायची असेल तर पहिला खर्च मैल्याच्या लाइनवर नको, बाजूच्या पावसाळी गटारावर करा. मिरगाच्या आधी त्याचा गाळ काढा, मोऱ्या मोकळ्या करा, मग काकांना झाकण उचलायची गरजच पडत नाही. नोटीस लावून काही होत नाही, गटार बुजलेलं असताना नोटीस वाचायला कोण थांबतंय.

पन्हळ कोणाची जोडलीय हे शोधायला मे महिना बरा. एका चेंबरमधून ब्लोअरने धूर सोडायचा (बिनविषारी धुराच्या कांड्या मिळतात), दोन्ही बाजूंचे पाइप वाळूच्या पिशव्यांनी दाबायचे, आणि रस्त्यावर उभं राहून बघायचं कुठल्या घराच्या पन्हळीतून धूर येतोय. आदल्या दिवशी घरोघरी आणि फायर ब्रिगेडला सांगून ठेवा, नाहीतर आग लागली म्हणून धावाधाव होते. धूर कधी कधी अशा घरांच्या पन्हळीतून येतो की सगळ्यांचं तोंड बंद होतं, पण ते असो.

पावसाचा आणखी एक संथ प्रकार आहे. पाऊस सुरू झाल्यावर लगेच काही होत नाही, दोन-चार दिवसांनी लाइन भरते आणि पाऊस उघडला तरी आठवडाभर भरलेलीच राहते. हे वरून आलेलं पाणी नाही, जमिनीतून सांध्यांमधून शिरणारं आहे. जांभा सच्छिद्र, पावसाळ्यात पाण्याने भरलेला, त्यात जुने सिमेंटच्या सांध्यांचे पाइप. याची तपासणी रात्री दोन ते चारच्या मध्ये करायची, गाव झोपलेलं असताना चेंबरमध्ये करंगळीएवढी धार असायला हवी. अर्धा पाइप भरून स्वच्छ पाणी वाहत असेल तर ते झऱ्याचं पाणी आहे आणि तुम्ही ते पंपाने उपसून लाइटबिल भरताय. सांधे बदला, चेंबरचं आतून प्लास्टर करा, खोलगटातल्या चेंबरची मान वर घ्या.

वेळ जर पाऊस-भरतीशी काहीच संबंध न ठेवता दुपारी दोन-अडीच आणि रात्री दहा-अकरा अशी असेल, आणि त्रास डिसेंबर-जानेवारीत वाढत असेल, तर मागे खानावळी आहेत का बघा. खोबरेल चोवीस-पंचवीस डिग्रीला गोठतं, हे आपल्याकडे थंडीत बाटली उन्हात ठेवणाऱ्या प्रत्येकाला माहितीय. पाइपातही तेच होतं, शिवाय कढीतलं नारळाच्या दुधाचं तूप, सुरमई तळलेलं तेल, भाताची पेज, वर खवले आणि नारळाचा चोथा. हे सगळं मिळून पाइपाच्या आत जे कडं तयार होतं ते काठीने तुटत नाही, काठी त्याच्यात नुसतं भोक पाडते, पाणी उतरतं आणि आठवड्यात भोक बुजतं. इथे जेटिंगच लागतं आणि तेही पूर्ण लांबीचं.

एका खानावळवाल्या वहिनींना विचारलं, तर म्हणाल्या, "भाऊ, आम्ही उकळतं पाणी आणि साबण सोडतो की रोज, मोरी एकदम स्वच्छ!" मोरी स्वच्छच असते. तेल पातळ होऊन पुढे जातं आणि पन्नास फुटांवर गार पाइपात परत गोठतं, शेजाऱ्याच्या दारात. भांडी आधी कागदाने पुसायची, चोथा आणि माशांची घाण वेगळ्या डब्यात, आणि मोरीनंतर ग्रीस ट्रॅप बसवायचा, ज्याच्यात पाणी थांबतं आणि तेल वर तरंगतं. ट्रॅप पाव भरला की साफ करायचा, आणि काढलेलं तेल परत चेंबरमध्ये ओतायचं नाही, हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे म्हणून लिहितोय. आणि हे आपल्याच गावठी लाइनींचं दुखणं आहे असं पण समजू नका, अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा अंदाज होता की तिकडे वर्षाला २३,००० ते ७५,००० वेळा मैल्याच्या लाइनी अशा उसळतात, आणि चरबी हे तिथलंही मोठं कारण.

पंपाचं निदान सोपं. लाइट गेल्यावर तास-दीड तासाने उसळतं आणि लाइट आल्यावर उतरतं. जनरेटर आहे का, असला तर डिझेल आहे का, डिझेल असलं तर बॅटरी जिवंत आहे का, तिन्ही बघा, पावसाळ्याच्या आधी खऱ्या लोडवर चालवून. लाइट असताना उसळत असेल तर फ्लोट स्विचला (पातळी वाढली की पंप चालू करणारा तरंगता स्विच) चरबी लागून तो अडकलाय किंवा पंपाच्या पंख्यात कपडा गुंडाळलाय, लहान मुलांचे ओले वाइप्स, सॅनिटरी पॅड, हेच निघतं नेहमी. दुसरा पंप स्टँडबायला आहे असं कागदावर असतं, तो आलटून पालटून रोज चालवला तरच तो आहे असं समजायचं. आणि पंपाच्या विहिरीतली (जिथे मैला येऊन साठतो ती) पातळी वाढली की मोबाइलवर मेसेज पाठवणारं साधं यंत्र बसवून घ्या, नाहीतर पंप बंद पडल्याची पहिली खबर तुम्हाला रस्त्यावरच्या वासाने मिळते.

आता गणपती. हे बाहेरच्या इंजिनिअरांच्या डिझाइनमध्ये कुठेच नसतं. वर्षभर बंद असलेली घरं, लाइनीत पाणी इतकं कमी की मैला वाहतच नाही. केंद्राच्या सीपीएचईईओ (पाणीपुरवठा-गटारांचे नियम ठरवणारी तांत्रिक संस्था) मॅन्युअलप्रमाणे पाइप आपोआप साफ राहायला सेकंदाला निदान ०.६ मीटरचा वेग लागतो, तो अशा लाइनीत मिळत नाही, गाळ तळाला बसून वाळतो. मग चतुर्थीला चाकरमानी येतात, एका घरात पंधरा-वीस माणसं, त्याच वेळी पाऊस, आणि पंचमीला सकाळी फोन. हे दरवर्षी होतं आणि दरवर्षी सगळ्यांना आश्चर्य वाटतं! श्रावण संपायच्या आत बंद घरांच्या आळ्यांमधून एकदा जेटिंग आणि वरच्या टोकाच्या चेंबरमध्ये टँकरने पाणी सोडून लाइन धुऊन घ्या. शिमग्याला आणि मे महिन्यालाही हेच थोड्या प्रमाणात.

कुठल्याच वेळेत बसत नसेल, सारखं तेच तेच आणि त्याच दोन चेंबरांच्या मध्ये, तर पाइपच बिघडलाय. खाजणात किंवा भातमळ्यात भराव टाकून घातलेली लाइन मधोमध खचते आणि तिथे कायम पाणी साचून राहतं. नाहीतर सांध्यातून वडा-उंबराची मुळं शिरलेली असतात. कॅमेरा सोडल्याशिवाय यावर बोलायचं नाही, आणि कॅमेऱ्यात खचलेलं दिसलं तर तेवढा तुकडा उकरून बदला, त्याला दुसरा इलाज नाही.

ज्यांच्या गावात लाइनच नाही, म्हणजे कोकणातले बहुतेक, त्यांची सेप्टिक टाकी पावसात वर येते. ती टाकी भरलीय म्हणून नाही, शोषखड्ड्याभोवतीची जमीनच पाण्याने भरलीय म्हणून. जुलैत गाडी बोलावून टाकी उपसलीत तर चार दिवसांत जमिनीतलं पाणी आत येऊन ती परत भरते, आणि फायबरची हलकी टाकी रिकामी केली तर ती वर उचलली जाऊन पाइप तुटायची भीती. उपसा फेब्रुवारी ते मे मध्ये, दर दोन-तीन वर्षांनी, तळाला थोडा गाळ ठेवून. छपराचं आणि न्हाणीच्या बाहेरचं पावसाचं पाणी टाकीत जाऊ देऊ नका. उपशाच्या गाडीसाठी १४४२० हा हेल्पलाइन नंबर आहे, पण गाडीवाला तो मैला नेऊन कुठे ओततो हे विचारा, पऱ्ह्यात (ओढ्यात) ओतणारे आहेत.

घाण वाहून गेल्यावर काय? रस्ता आधी पाण्याने धुवू नका, सगळं पावसाळी गटारात आणि तिथून विहिरीत जातं. आधी मैला खरवडून उचला, मग चुना किंवा ब्लीचिंग टाका, मुलांना आणि गुरांना दूर ठेवा, पायाला जखम असेल तर पाण्यात जाऊ नका, लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) आपल्याकडे नवा नाही. चिपळुणात २२ जुलै २०२१ ला शिरलं तसं पुराचंच पाणी आलं असेल तर कुठल्या चेंबरचा दोष याला काही अर्थ राहत नाही, सरळ विहिरींकडे जा. विहिरीच्या पाण्याचा हिशोब काढून १००० लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, बादलीत कालवून निवळी सोडायची, तळाचा चोथा नाही, आणि निदान अर्धा तास थांबून ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची). पाणी पिवळं झालं नाही तर परत डोस, कारण आपल्या दमट हवेत उघड्या पोत्यातली पावडर नुसतं पांढरं पीठ झालेली असते. दोन दिवसांनी क्लोरीन उतरला की एच टू एस बाटलीत (पाण्यात मैल्याचे जंतू आहेत का ते दाखवणारी तपासणीची बाटली) पाणी भरून घरात उबदार जागी ठेवा, चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत काळी पडली तर मैला अजून विहिरीत येतोय, पावडर टाकत बसू नका, विहिरीच्या वरच्या अंगाची लाइन आणि शोषखड्डे तपासायला घ्या, तोवर त्या विहिरीचं पाणी उकळूनच प्यायचं.